आंधळगावातला सॅक्सोफोन

बातमी आली तेव्हा मी तुमसरच्या बाजारात धानाचा लिलाव ऐकत उभा होतो. फोन शांताकाकूंचा होता, दशरथ मास्तरांच्या पत्नीचा. "शेठ, हे गेले जी... चहा घेतला, अन् बसल्या बसल्याच." मी नुसतं "बरं" म्हणालो. महिना होऊन गेला, पण त्या "बरं"ची लाज मला अजून वाटते.

मास्तर आंधळगावच्या धान पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमालकाकडे एक जुना सॅक्सोफोन धूळ खात पडला होता, तो फुंकायची कोणाची छाती होत नव्हती, म्हणून तो यांच्या गळ्यात पडला. तोच घेऊन मुंबईला गेले आणि एका हॉटेलच्या बँडमध्ये लागले. तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर ट्रम्पेटवाल्याने पहिल्याच दिवशी त्यांच्या पुढ्यातला नोटेशनचा कागद काढून घेतला आणि म्हणाला, आता वाजव. "घाम फुटला जी, पण वाजवलं," मास्तर सांगायचे. तिथून पुढे सारी उमेदीची वर्षं त्यांनी जॅझमध्ये काढली. मग हॉटेलांनी वाजवणारे काढून यंत्रं आणली, तसे मास्तर गावी परतले. त्याबद्दल कुरकुर केलेली मी कधी ऐकली नाही. लोकांना वाटलं, आता हा स्वतःची बँडपार्टी काढणार. यांनी अंगणात शाळा काढली! धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला की सुरू, लग्नसराई लागली की बंद, कारण शिकणारे बहुतेक शेतकरी आणि बँडवाले. त्यांच्यात मी एक तांदळाचा व्यापारी, चाळिशीत क्लॅरिनेट हाती घेतलेला. माझ्या बायकोला हसू आवरत नव्हतं.

जॅझ म्हणजे काय, हे मास्तरांनी आम्हाला एका वाक्यात समजावलं होतं. "रोवण्यात बाया गाणं म्हणतेत, तवा एखादी मधातच आपल्या मनाची ओळ जोडते न? तेच हाय हे." सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, मग एकेकाने त्या चालीच्या अंगाने आपल्या मनाचं वाजवायचं आणि पुन्हा सगळ्यांत येऊन मिळायचं. आमच्या वहीत ते चाल सरगममध्ये लिहून द्यायचे आणि मनाच्या जागी चार ओळी कोऱ्या सोडायचे. आता कोरी जागा म्हणजे काहीतरी राहून गेलेलं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मास्तरांचं वाजवणं आम्ही मोबाइलवर भरून घेतलं, सूर शोधून त्या ओळी भरल्या आणि चोख पाठ केलं. भंडाऱ्याच्या एका शाळेतल्या कार्यक्रमात आमच्यातले तिघे, मी आणि दोन बँडवाले, एकामागून एक उठलो आणि तिघांनीही तेच वाजवलं. भरून घेताना मास्तरांना मध्येच खोकला आला होता, तिथे आम्ही तिघेही इमानेइतबारे थांबलो. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

परतीच्या एसटीत मास्तर म्हणाले, "काहून रे, खोकला बी पाठ केला काय?" आम्ही हसलो, तेही हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझं मले कायले ऐकवता? मी मेल्यावर बी तुमी हेच वाजवान काय?"

त्यानंतर दर रविवारी मनाच्या जागेवर आलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी "पुढच्या वेळी" म्हणायचो. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. बाजारात माझ्या शब्दाला वजन आहे, इथे अंगणात बेसूर झालो तर चार लोक हसतील, एवढंच मनात यायचं. शेवटच्या रविवारी मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "शेठ, चुकलं तरी चालते. पण तुमचं चुकू द्या." मी त्याही दिवशी "पुढच्या वेळी"च म्हणालो.

तेरवीनंतरच्या रविवारी कोणी बोलावलं नव्हतं, तरी आम्ही तिघेही त्या अंगणात जमलो. काकू म्हणाल्या, "बसा, चहा ठेवते," आणि आत गेल्या. आम्ही चाल सुरू केली. मनाची जागा आली, तसे दोघेही माझ्याकडे बघू लागले. सवयीने मी मास्तरांचंच सुरू केलं. दोन सूर निघाले आणि फुंक तुटली... मग जे आलं ते आलं. दोनदा सूर फाटला, एकदा तालही सुटला. डोळे भरले होते, बोटं कुठे पडताहेत ते दिसत नव्हतं, पण थांबलो नाही.

थांबलो तेव्हा काकू कप घेऊन दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं भिंतीपलीकडून मास्तरांचा एकेक सूर त्यांनी ऐकलेला.

"हे त्यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही काकू," मी खाली बघत म्हणालो.

त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"मंग आणखी एक डाव वाजवा."