भुऱ्या भुंकला होता

मी बोलकी बाई आहे. बोरी बुद्रुकात कुणालाही विचारा. लग्नात, मयताला, दळणाच्या गिरणीत — माझं तोंड बंद नसतं. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "आरं, हिचं कुणीतरी स्टेशन बदला." तर असल्या माझ्या तोंडातून एक गोष्ट आजवर बाहेर पडलेली नाही. यांना सांगितली नाही. देवापुढं उभी राहिले तरी तिला वळसा घालूनच बोलले. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

लिहायला मी पोरांच्या पुस्तकांवरून शिकले. अजून ओठ हलवल्याशिवाय अक्षर उमटत नाही. माझी धाकटी जाऊ कौशी मात्र शिकली नाही. मी शिकवलंही नाही — पण तो वेगळा हिशोब.

कौशी नांदायला आली तेव्हा चांगली ऐकायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर मेंदूज्वर झाला. जीव वाचला, दोन्ही कान गेले. बोलता येतं तिला, फक्त आवाजाचा अंदाज राहिला नाही. दुखवट्याच्या घरी ओरडते आणि बाजारात कुजबुजते. मग बोलणं वाचायला तिनं माझे ओठ धरले. नवऱ्याच्या तोंडात तंबाखू, पोरं भरभर बोलणारी. माझी टकळी दिवसभर चुलीपाशी चालू, तिला आपसूक सराव झाला. जगात कुणी काही बोललं, की ती माझ्याकडं वळायची. मी तेच परत म्हणायचे. "एक बहिरी, एक बडबडी, बरी जोडी जमलीय," असं भाऊजी — म्हणजे तिचा नवरा — हसायचे.

आमच्या घरात एके काळी मेंढरांचा मोठा वाडा होता. आता ऊस, कांदा, आणि कौशीच्या हट्टापायी राखलेली थोडी मेंढरं. त्यांच्यामागं भुऱ्या असायचा, आमचं कुत्रं. उसात बिबट्या असतो आमच्याकडं. आम्ही वाघच म्हणतो. कान असलेल्या माणसाला भुंकण्यावरून कळतं, कुत्रं पाहुण्यावर भुंकतंय की वाघावर. कौशी बांधाला मेंढरांसाठी घास कापायला बसली, की घडीघडी मान वळवून भुऱ्याकडं बघायची. मान आखडून जायची तिची. तरी जायची.

तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, ते तिनंच लावून धरलं होतं म्हणून. तपासण्या झाल्या. कानात बसवायचं यंत्र हिला चालणार नाही, म्हणाले. त्या तापानं कानाच्या आतला शंख हाडानं भरून गेलाय, तार आत जायलाच जागा नाही. कौशी माझ्या ओठांवरून वाचत होती. तिचा चेहरा पडला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक वाट आहे.

भाऊजी तपासणीचे फोटो आणायला खाली गेले होते. खोलीत आम्ही तिघीच. बाईंच्या तोंडावर मास्क, आणि निम्मं इंग्रजी. म्हणजे जे काय जाणार होतं कौशीकडं, ते माझ्या तोंडातूनच.

बाई समजावून सांगत होत्या. कानाची नस जिथं मेंदूला मिळते, तिथं मेंदूच्या देठावर बारकी पट्टी बसवायची. बाहेर कानामागं यंत्र. ऑपरेशन मोठं आहे, धोका आहे. शब्द बहुतेक कळणार नाहीत. पण आवाज कळू शकतील — गाडीचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं, कुणी हाक मारली एवढं तरी. ओठ वाचायला मदत होईल. सुरुवातीला सगळा गोंगाट वाटेल, महिनोन्‌महिने सराव करावा लागेल, खात्री कुणालाच देता येत नाही. खर्चाची सोय एका संस्थेकडून होण्यासारखी होती. त्या बाईंनी काही लपवलं नाही. दोन्ही बाजू सांगितल्या.

मी एक सांगितली. मेंदूचं ऑपरेशन, म्हणाले. शब्द कळायचे न्हाईत. डोक्यात नुसता गोंगाट व्हईल.

कौशी त्या शांत खोलीत केवढ्यांदा तरी ओरडून बोलली, "शब्द नगंत मला, अक्का. भुऱ्या भुंकलेला कळंल का? त्येवढं इचार."

विचारायची गरजच नव्हती. बाईंनी आत्ताच सांगितलं होतं, माझ्या कानात ते अजून ताजं होतं. मी काय केलं? ओठसुद्धा हलवले नाहीत. नुसती मान हलवली. नाही म्हणून.

"मग नगं," कौशी म्हणाली.

बाईंनी मला विचारलं, "यांना सगळं समजलंय ना?"

मी म्हणाले, हो.

का केलं असं? मी स्वतःला कितीतरी कारणं दिली. मेंदूला सुरी लावायची — भीती वाटली. वाटली होतीच. लेकराबाळांची बाई टेबलावरच राहिली असती तर? कांदे काढायला आले होते, तिच्याबरोबर पुण्यात राहणार कोण, मीच. हेही खरं. पण मान हलली ती यातल्या कशानंच नाही.

माझ्या तोंडाकडं एवढं निरखून आयुष्यात दुसऱ्या कुणी बघितलं नाही हो. आमचे हे भिंतीकडं बघून हां हां करायचे. पोरं मोबाईलमध्ये. कौशी हातातलं काम टाकून, डोळे लावून माझा शब्द न् शब्द घ्यायची. तिला आवाज आले तर ती वळेल — हॉर्नकडं, कुत्र्याकडं, लेकीच्या हाकेकडं. माझ्याकडं कशाला बघेल? हे होतं ते. आणि बघा, बाई सांगत होत्या की ओठ वाचावे लागतीलच. माझं काही जात नव्हतं. तेवढंही मी धड ऐकलं नाही, चांगले कान असून.

पुढं एका संध्याकाळी मी ओट्यावर फोनवर बहिणीशी बोलत होते. कौशी बांधाला घास कापत होती. भुऱ्या भुंकायला लागला. वाघावरचं भुंकणं, मला कळलं. बहिणीलासुद्धा कळलं, ती म्हणाली, "कुत्रं लई भुंकतंय गं." मी म्हणाले, "भुंकू दे, हां, तर काय सांगत व्हते —" आणि बोलत राहिले. मग एकदाच केकाटलं. मग काहीच नाही.

तेव्हा धावले. कौशी पाठमोरी, खाली बसून घास कापत होती. विळा चालू होता. तिच्या पाठीमागंच, तिच्या आणि उसाच्या मधे, माती उकरलेली, आणि फरपटत नेल्याची खूण उसात गेलेली. मी खांद्याला धरून वळवलं, तेव्हा तिला कळलं.

ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "अक्का, भुंकला आसंल का गं त्यो?"

मी म्हणाले, "न्हाई. आवाजच न्हाई आला. झटक्यात गेला."

"बरं झालं," म्हणाली. "मला वाटलं त्यो मला बोलावीत व्हता आन् मी वळलेच न्हाई."

तुम्ही म्हणाल, हे खोटं मायेचं. नव्हतं. तो भुंकला होता असं सांगितलं असतं, तर दवाखान्यातली माझी मान तिला आठवली असती.

परवा तिची लेक आरती आली होती. मला म्हणाली, "मोठी आई, आईला सांग ना, त्या ऑपरेशनचं परत विचारून बघू." मी कौशीला सांगितलं. ती हसली. "कशाला? डाक्टरीणबाई म्हणाल्या व्हत्या ना, नुसता गोंगाट. कुत्र्याचंबी कळत न्हाई. अक्कानं समदं नीट इचारलं व्हतं." आरतीनं माझ्याकडं बघितलं. "हो का गं, मोठी आई?"

मी परत हो म्हणाले.

आत्ता कौशी समोर बसून पावटे सोलतेय. मी लिहितेय, आणि लिहिताना माझे ओठ हलतात, हे तिला ठाऊक आहे. मधेच वर बघते, ओठांवरून काही लागतंय का ते बघते. दाण्यावरचा हात थांबतो तिचा.

मी तोंडावर पदर धरून लिहितेय.