डोळे मिटणाऱ्या सिस्टर

मार्था सिस्टरांची आणि माझी पहिली भेट दुसऱ्याच कोणाच्या बंद दारासमोर झाली. तीस वर्षांपूर्वी मी दिघोरीजवळच्या उपकेंद्रात परिचारिका म्हणून रुजू झाले. सकाळपासून भाड्याची खोली शोधत होते. तीन घरी खोली होती. माझं आडनाव मेश्राम आहे हे कळलं, की ती नव्हती. तिसऱ्या दारासमोर मी ट्रंकेवर बसले. रडत नव्हते, संतापले होते. तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या, उंच, सावळ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू नवी सिस्टर का वं? चाल माह्या घरी. खाट आहे. भात तेवढा गिजगा होते माह्या हातानं, आधीच सांगून ठेवतो."

त्या आमच्या उपकेंद्राच्या वरिष्ठ परिचारिका श्रीमती मार्था सोनवाने. भाताविषयी त्यांनी सांगितलेलं अक्षरशः खरं निघालं, रोज मऊ लगदा. त्यांच्या घरी मी दोन महिन्यांसाठी गेले आणि सहा वर्षं राहिले.

सिस्टरांना पंचाहत्तरावं वर्ष लागतं आहे, म्हणून गावाने सत्कार ठरवला आहे, आणि त्याच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला लिहायला सांगितलं. "जरा भारदस्त लिहा," असंही बजावलं. माझ्याच्यानं होईल तेवढं भारदस्त लिहिते, पण सिस्टरांचं कोणतंही वर्णन त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांपासूनच सुरू करावं लागतं, त्याला माझा नाइलाज आहे.

सिस्टरांची एक सवय होती. सुई हातात घेतली, की त्या क्षणभर डोळे मिटत. ओठही हलत नसत. मग डोळे उघडत आणि सुई देत. बाळंतपणाला हात लावण्याआधीही तसंच. त्या ख्रिस्ती आहेत आणि ती त्यांची प्रार्थना आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. गावाला मात्र त्या येऊन दहा वर्षं झाली तरी कळलं नव्हतं. गावात पक्का समज होता, की ही बाई डोळे मिटून सुई देते आणि म्हणूनच ती दुखत नाही. एकदा सिस्टर रजेवर गेल्या आणि लसीकरण माझ्यावर आलं. धुरपताबाई नावाच्या आजी नातवाला घेऊन पहिल्या नंबरवर बसलेल्या. मी सुई भरली, तसा त्यांनी नातू पदराआड घेतला.

"तुह्या सुईत काही दम नाही. तू डोळे उघडे ठेवून रायली."

समजावून थकले. शेवटी रांग फुटायला लागली तेव्हा डोळे मिटल्यासारखं केलं. आजी कडाडल्या, "लबाड माय! एका डोळ्यानं पाहून रायली!" सगळी ओसरी हसली. त्या दिवशी निम्मी लेकरं तशीच परत गेली.

सिस्टर परत आल्या तेव्हा हसू आवरून घरोघर फिरल्या. "दम औषधात आहे जी, माह्या डोळ्यात नाही," असं सांगत होत्या. लोक मान डोलवत आणि मनात आपलंच खरं धरत.

मला स्वतःला मात्र त्या मिटलेल्या डोळ्यांचा राग यायचा. मी बौद्ध घरातली. माझ्या आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून तलावात सोडले, त्यानंतर आमच्या घरात कोणी कोणाकडे काही मागितलं नाही. जे करायचं ते आपल्या हातानं, हीच आमची शिकवण. म्हणून मी सिस्टरांना येता-जाता चिडवायची. एस.टी. चुकली, की म्हणायची, "सांगा नं तुमच्या देवाले, थांबवते काय ते." त्या म्हणत, "तो ड्रायव्हर नाही वं." दर रविवारी साकोलीला चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं एकाच्या घरी उपासनेला जमत. सिस्टर, त्यांचे यजमान डॅनियल सर आणि मुलगी रूथ सकाळच्या बसने जात आणि परतताना माझ्यासाठी न चुकता गरम आलूबोंडे आणत.

मग डॅनियल सर गेले. शाळेत शिकवणारे, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेले गृहस्थ. हिवताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं संपलं. जिने गावभर तापाच्या गोळ्या वाटल्या, तिच्याच घरात हे व्हावं!

आठवड्याने लसीकरणाचा दिवस आला. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बाया चिखलातून निघू शकत नाहीत, म्हणून सिस्टर नेहमी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन लेकरांना सुया देत. त्या दिवशीही निघाल्या. पातळ खोचून, लसीचा डबा खांद्याला लावून पुढे त्या आणि मागे मी. पहिल्या लेकरासमोर बसल्या, सुई घेतली आणि डोळे मिटले. माझा तोल गेला. परतताना मी धुऱ्यावरच भांडले.

"काहून मिटता आता डोळे? काय मागता त्याले? द्यायचं होतं तेव्हा देल्लं काय त्यानं?"

सिस्टरांनी डबा दुसऱ्या खांद्याला लावला. मग म्हणाल्या, "मी मागत नाही कुंदा. मी इथं आहो, तूही ये, एवढंच म्हणतो."

"आणि नाही आला तं?"

"येते. पण सध्या मीच त्याच्याशी धड बोलून नाही राहिली. म्हणून काय झालं? भांडण झालं म्हणून घर सोडते काय कोणी?"

विश्वास या शब्दाचा जो काही अर्थ मला कळतो, तो त्या धुऱ्यावर कळलेला आहे. तेव्हा मात्र मी फणकाऱ्याने पुढे निघून गेले होते.

यानंतरची गोष्ट रूथची. तिचं लग्न होऊन ती गोंदियाकडे गेली. पहिलं बाळ तिकडे जन्मतःच गेलं. रडलंच नाही. दुसऱ्या खेपेला ती माहेरी आली. मोठ्या दवाखान्यात न्यायचं सगळं ठरलेलं होतं, पण बाळाला आमचं ठरवणं मान्य नव्हतं. तीन आठवडे आधीच, भर दुपारी कळा सुरू झाल्या. गाडी बोलावली, पण ती पोचेपर्यंत थांबण्यासारखं राहिलं नव्हतं. उपकेंद्रात आम्ही दोघीच. बाहेर ओसरीवर बाया जमल्या होत्या.

सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले. टेबलापाशी आल्या. आणि उभ्याच राहिल्या. डोळे उघडे. टक्क उघडे. दहा वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "सिस्टर, डोळे?"

"नाही होऊन राहिलं माह्याच्यानं," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "मिटले का मागचंच बाळ दिसते. कुंदा, आज तू मीट. हात मी चालवतो."

मी! जिने दहा वर्षं टिंगल केली ती! पण वाद घालायला वेळ नव्हता. मी डोळे मिटले, दोन्ही, आणि मनात म्हटलं, "सिस्टरच्या देवा, मी कुंदा मेश्राम. तुझी-माझी ओळख नाही. मी तुले मानत नाही, खोटं काहून बोलू. पण ही बाई तुले मानते, आणि आज तिच्याच्यानं बोलणं होऊन नाही राहिलं. म्हणून तिच्या बदल्यात मी हजर आहो. तू ये." एवढंच. मग डोळे उघडून कामाला लागले.

बाळ आलं. रडलं नाही. सिस्टरांनी त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, रबरी फुग्याने श्वास द्यायला लागल्या. रूथ विचारत होती, "आई, काहून रडून नाही राहिलं?" सिस्टर फुगा दाबत राहिल्या. आणि मग बारीक, चिडकं, अगदी मांजरीच्या पिलासारखं रडणं सुरू झालं.

बाहेर सांगायला गेले, तर ओसरीवरच्या सगळ्या बाया डोळे मिटून बसलेल्या. धुरपताबाई सर्वांत पुढे. दाराच्या फटीतून त्यांनी ऐकलं होतं. माझी चाहूल लागताच त्या म्हणाल्या, "पाहून घे, दोन्ही मिटले आहेत." मी तिथंच खांबाला धरून रडले.

संध्याकाळी चहा घेताना मी सिस्टरांना जरा तोऱ्यातच म्हटलं, "पाहा, माह्याच प्रार्थनेनं झालं." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "बाळ नसतं रडलं, तरी तो माहा देवच होता कुंदा. मी फक्त थकली होती. थकलं का दुसऱ्यानं धरायचं असते. त्यानंच तुले माह्या दारी आणलं."

"मले तं खोली भेटली नव्हती म्हणून आली," मी म्हटलं.

"तेच तं," त्या म्हणाल्या.

मी आजही विहारात जाते आणि सिस्टर रविवारी साकोलीला जातात. आमच्यात कोणी कोणाला ओढलं नाही. त्या दुपारची ती पोर आता कॉलेजात आहे. आजीला स्कूटीवर मागे बसवून उपासनेला नेते आणि रक्तदाबाची गोळी चुकवली म्हणून रस्ताभर रागावते. सिस्टरांचा भात अजूनही गिजगाच होतो. गावातल्या कितीतरी घरांत आजही सुई घेताना लेकराला सांगतात, "मीट डोळे, दुखत नाही." काहून मिटायचे, हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक नाही.

सत्काराच्या दिवशी सिस्टर व्यासपीठावर बसतील आणि कोणी गौरवाचं बोलू लागलं, की संकोचाने डोळे मिटतील, हे मला माहीत आहे. तर माझी नम्र विनंती आहे, सिस्टर, त्या दिवशी तुम्ही डोळे उघडे ठेवा. समोर सगळा गाव बसलेला असेल, तो नीट पाहा. मिटायची पाळी आमची.

सिस्टरच्या देवा, मी कुंदा मेश्राम. मागं एकदा बोलली होती. बाईंची तब्येत चांगली ठेव, गुडघे चालते ठेव. त्या तुझ्याकडे येणारच आहेत, ते काही चुकत नाही. पण इथं त्यांचं अजून काम आहे. तू घाई करू नको.