सासूबाईंचा उपाशी मासा

आमच्या सासूबाई, सरलाबाई, यांच्या तेलीबांध्याच्या घरातून कोणी उपाशी गेल्याचं ऐकिवात नाही. मीटर बघायला आलेल्यालाही त्या पोहे खायला बसवतात. 'पोट भरलं' हे शब्द त्यांना ऐकूच येत नाहीत. सून म्हणून माझे तर सगळे ड्रेस घट्ट झाले.

आणि अशा बाईच्या घरात एक मासा जेवेना!

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हौसेनं समुद्री माशांची टाकी मांडली. समुद्र घरात कोणीच पाहिलेला नाही. बाबा पाकिटातलं मीठ पाण्यात कालवून तो तयार करतात. त्यात कार्डिनल माशांची जोडी, रुपेरी अंगावर काळे पट्टे. त्यातल्या नरानं खाणं सोडलं. गाल फुगलेले, तोंड मिटलेलं. सासूबाई लांब चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून दिवसभर त्याच्या मागे. "घे रे राजा, एक घास घे. काहून रुसून राहिला?" मासा आपला मागे मागे सरके. शेवटी बाबांनी औषधाची बाटली काढली.

मी आधी बुढापाऱ्यातल्या मासे विकणाऱ्या दुकानदाराला, यशदीपला, व्हिडिओ पाठवला. तो फोनवर ओरडलाच, "दीदी, दवाई मत डालना! उसके मुँह में अंडे हैं!"

या माशांत मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात सांभाळतो, म्हणाला. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तो काही खात नाही. घाबरला तर अंडी थुंकतो, नाहीतर गिळतो. "अम्माजी को दूर रखो।"

तेवढ्यात माशानं तोंड उघडून आतलं घोळवलं आणि आम्हाला केशरी मणी दिसले. मण्यांना चक्क डोळे!

"माय वं!" सासूबाई मटकन खाली बसल्या. "मी त्याच्या लेकरायवर घास कोंबून राहिली होती?"

मग सुरू झाला सासूबाईंचा खरा उपास. टाकीजवळून जाताना त्या हात पदरात गुंडाळून घेत. मासा मात्र दिवसेंदिवस वाळत चालला. "पोट्टे वाचतीन नीलिमा, पण बाप मेला तं?" त्यांचे डोळे भरून आले. एरवी मी त्यांच्या आग्रहाला वैतागायचे, पण त्या वेळी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

एका सकाळी त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "नीलिमा! धाव, धाव!"

माशाच्या तोंडातून पिल्लं बाहेर पडत होती! नखाएवढी, पट्ट्यांसकट अगदी बापासारखी. मोठ्या माशांनी खाऊ नयेत म्हणून बाबा ती वाटीनं दुसऱ्या टाकीत सोडत होते आणि प्रत्येक पिल्लाला मोठमोठ्यानं "जय भीम!" म्हणत होते. मी तर नाचायचीच बाकी होते.

सगळी निघाली असं वाटल्यावर सासूबाईंनी चिमटा पुढे केला. "आता तं घे, बाप्पा."

मासा आला. त्यानं तोंड मोठं उघडलं आणि आतून आणखी एक पिल्लू टुणकन बाहेर आलं.

"थांबा! अजून एक हाय!" सासूबाईंनी हात झटकन मागे घेतला. बाबांनी पिल्लू उचललं.

मग घास पुन्हा पुढे गेला. माशानं तो असा ओढला की सासूबाईंच्या हातून चिमटाच सुटला.