खुर्चीच्या रुळातले दाणे

राग माझ्या नाकावर जन्मापासून बसलेला आहे, असं आई सांगते. हँगरमध्ये मला समोरून ‘मॅडम’ म्हणतात आणि मागून ‘लवंगी’. दोन्ही मला ऐकू येतं. ओझरजवळ, प्रवासी विमानं दुरुस्तीला येतात अशा एका हँगरमध्ये मी काम करते. विमान आलं की आम्ही ते पार उघडून टाकतो, जिथे जिथे माणसाची नजर जाऊ शकते तिथे तिथे बघतो आणि पुन्हा बंद करतो. ते काम मला मनापासून आवडतं.

आमच्यात शिक्का ही मोठी गोष्ट असते. दिसायला बोटभर रबरी ठोकळा, त्यावर नुसता एक आकडा. पण तो ज्याच्या खिशात आहे त्याने ‘तपासलं, ठीक आहे’ म्हटलं की ते ठीक. वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांच्या शिक्क्याखाली राबले, परीक्षा दिल्या, एकदा नापासही झाले, आणि त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर माझा शिक्का हातात पडला. पहिले काही महिने तो कच्चा असतो. काही गडबड दिसली तर परत घेतात, आणि परत घेतलेला शिक्का पुन्हा मिळवणं म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढण्यासारखं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, ड्रिल, जॅक, सगळं पुसून लखलखीत करून एका लांब टेबलावर मांडतात. वर्षातून तेवढा एकच दिवस घरच्यांना आत यायला परवानगी. आई मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवते, म्हणजे खंडेनवमी हा तिच्या धंद्याचा सण. त्या दिवशी बाजार सोडणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी शाळा बुडवणं. तरी शिक्का मिळाला म्हटल्यावर ती आली. फुलांची गाडी मामावर टाकून, नवी साडी नेसून, झेंडूची पाटी आणि पितळी वाटीत अक्षता घेऊन आली. हँगरच्या ताटातल्या अक्षता कुंकवाच्या, लाल. आमच्या घरी कामाच्या वस्तूंना हळदीच्या अक्षता वाहतात, पिवळ्या.

पूजा टेबलापुरती, असा नियम होता. विमानात साधं पेनसुद्धा मोजून न्यायचं आणि मोजून आणायचं, कारण सुटी राहिलेली वस्तू कुठे जाऊन अडकेल याचा नेम नसतो. पण भक्तीला कुंपण कोण घालणार? मी पेढे वाटत होते तेव्हा आईने आमच्या सरांना गाठलं. सर सगळ्यांत जुने तपासनीस, निफाडचे. विमानाच्या पंखांबद्दल बोलतात त्याहून जास्त घरच्या द्राक्षबागेबद्दल बोलतात.

“सायेब, माझी लेक कुठं काम करती ते दाखवा की,” आई म्हणाली.

सर तिला स्वतः जिना चढवून कॉकपिटमध्ये घेऊन गेले. खाली आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते. “लय बारकी जागा हाय गं. आन् तिथनं येवढं मोठं इमान हाकत्यात!” दिवसभर येईल त्याला ती हेच सांगत होती. तिला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं.

दसऱ्याची आपट्याची पानं अजून टेबलावर वाळत पडली होती तेव्हा आदेश आला. जगात कुठेतरी उडत्या विमानात पायलटची खुर्ची अचानक सरकली होती. त्यामुळे त्या जातीच्या सगळ्या विमानांत पायलटच्या खुर्च्या तपासायच्या: सरकवायचं बटण, त्याचं झाकण, खालचे रूळ आणि खुर्ची जागेवर धरून ठेवणारी पिन. आमच्या हँगरमधलं विमान त्याच जातीचं. काम आधीच लांबलेलं, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. सगळे कुरकुरले. मी मात्र मनातून हरखले, कारण मला तोंडावरही लवंगी म्हणणारे एकटे सर म्हणाले, “लवंगी, खुर्च्या तू बघ. तुझ्या शिक्क्यावर.”

पायलटची खुर्ची दोन रुळांवर पुढेमागे सरकते. रुळात ओळीने भोकं असतात. पायलटने आपल्याला हवी तिथे खुर्ची आणून सोडली की पिन भोकात उतरते आणि खुर्ची गच्च बसते. पिन पूर्ण उतरली नाही तर बसणाऱ्याला काही कळत नाही. कळतं ते विमान धावपट्टीवर जोर धरतं तेव्हा. खुर्ची मागे जाते आणि विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा घट्ट धरलेला माणूस तोही आपल्याबरोबर ओढतो. पुढचं सांगत नाही.

उजवी खुर्ची चोख निघाली. डावी, म्हणजे कॅप्टनची, एकेक भोक पुढे घेत गेले. खट्, खट्, खट्. मग एका ठिकाणी आवाज बसका आला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तसाच. गुडघ्यावर बसून आरसा आत घातला, टॉर्च मारला. भोकाच्या तळाशी तांदळाचा दाणा होता. पिवळा.

पिवळा म्हणजे आमच्या घरचा. आपलेच दात, आपलेच ओठ.

कॉकपिटमध्ये मी एकटी होते. चिमटा खिशात होता. दाणा उचलायचा, शिक्का मारायचा, खाली जाऊन चहा प्यायचा. सुंठेवाचून खोकला गेला असता. आईचं नाव आलं नसतं, सरांचं आलं नसतं, माझा शिक्का राहिला असता. चिमटा मी बाहेर काढलासुद्धा होता. पण दिसला एक म्हणून असतो एकच, असं तांदळाच्या बाबतीत कधी झालंय का? आई अक्षता चिमटीने नाही, मुठीने वाहते. खुर्ची अख्खी बाहेर काढल्याशिवाय बाकीचे दाणे हाती लागणार नव्हते, आणि खुर्ची चोरून बाहेर काढता येत नाही. तेव्हा मला आईचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

सरांना वर बोलावलं. त्यांनी आरशात पाहिलं, दाण्याचा रंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“तुझ्या आईला मीच आणलं होतं वर,” ते म्हणाले. “मी माझी द्राक्षं सांगत बसलो होतो. माझं लक्ष नव्हतं.”

“सर, मी लिहून देणार आहे.”

“दे ना. माझं नाव आधी लिही.”

संध्याकाळी घरी गेले ती तशीच पेटलेली. आई मळ्यात दिवाळीचा झेंडू बघायला निघाली होती, ती ओट्यावरच भेटली. मी चपलाही काढल्या नाहीत.

“तू त्या खुर्चीवर अक्षता टाकल्यास?”

“टाकल्या की. ज्या जाग्यावर मानूस बसनार तिला हात जोडू नाय का?”

“तुला कोणी सांगितलं होतं? माझा शिक्का जाईल आता! सर रिटायर व्हायला आलेत, त्यांच्या नावाला डाग लागेल!”

“चार दान्यानं काय व्हतंय येवढं?”

मी तिला मामाच्या पिकअपची आठवण करून दिली. सिन्नरच्या रस्त्याला एकदा ड्रायव्हरची सीट निसटून मागे गेली होती, मामाचा पाय ब्रेकपर्यंत पोचेना आणि गाडी बांधाला जाऊन भिडली होती. आई तेव्हा शेजारी बसलेली होती. “तेच,” मी म्हटलं, “पण आकाशात जाताना, मागे दीडशे माणसं घेऊन.”

आई ओट्यावर बसली ती बसलीच. रात्री जेवली नाही. पुढचे दिवस माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाटलं, मी सगळं लिहून देऊन तिला चारचौघांत चोर ठरवलं म्हणून ती दुखावली आहे. मलाही माघार घ्यायची नव्हती. आमच्या घरात राग वारसाहक्काने येतो.

हँगरमध्ये क्वालिटीच्या मॅडमनी मला बोलावलं. शिक्का ठेवायचा की काढायचा, हे त्यांच्या हातात. सर दाराशी उभे होते.

“दाणा उचलून टाकला असता तर कोणालाच कळलं नसतं,” मॅडम म्हणाल्या. “मग का सांगितलं?”

आधीच डोकं फिरलेलं, त्यात हा प्रश्न. “मॅडम,” मी म्हटलं, “तुम्ही घरी तांदूळ निवडता का? एक खडा निघाला की तुम्ही कुकर लावता, की ताट पुन्हा पसरता?”

सरांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी मी लिहून दिलेला कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, “ताट पसरा. नुसती खुर्ची नाही, अख्खं विमान. शिक्क्याचं नंतर बघू.”

विमान पुन्हा उघडायचं म्हटल्यावर सगळ्यांचा रोष माझ्यावर येणार, याची मी तयारी ठेवली होती. झालं उलटच. पहिल्याच सकाळी सिन्नरहून येणारा आमचा मेकॅनिक माझ्याजवळ आला आणि कानात बोलावं तसं म्हणाला, “मॅडम, मागच्या चाकाच्या कप्प्यात मी एक सुपारी ठेवली होती. नवसाची.” त्याच्यामागून दुसरा आला, त्याने सामानाच्या दारापाशी नाणं ठेवलं होतं. तिसऱ्याने झेंडूचं एक फूल वायरच्या गुंडाळीत खोचलं होतं, आईच्याच पाटीतलं. एकाने लिंबू. लिंबू कुठे, ते मी सांगणार नाही, पण ते शोधायला आम्हाला दुपार लागली. आमच्यासारखी माणसं, एकेक स्क्रू मोजून परत देणारी, आणि श्रद्धेच्या वस्तू मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या वस्तू कोणाच्या डोळ्यांना वस्तू वाटल्याच नव्हत्या. आम्ही हसलो, एकमेकांना खूप चिडवलं, आणि हसताना सगळ्यांच्याच पोटात थोडी थोडी भीती होती.

खुर्चीखाली आणखी पिवळे दाणे मिळाले. सगळं साफ झालं, खुर्ची बसली, एकेक भोक मी पुन्हा तपासलं. खट्. खट्. सगळीकडे एकच आवाज. मॅडम स्वतः वर येऊन बसल्या, सरांनी आणि मी मागून खुर्ची ओढली, ती तसूभर हलली नाही.

“मारा शिक्का,” त्या म्हणाल्या.

“माझा?”

“मग कोणाचा? पुढच्या वर्षीही पूजा होईल. टेबलावर. आणि टेबलाशी तुम्ही उभ्या राहाल.” सरांना त्यांनी समज दिली, तीही दाराआड, आवाज न चढवता. बाहेर आल्यावर सर म्हणाले, आता द्राक्षांवर बोलायचं ते फक्त जमिनीवर.

विमान गेलं त्या सकाळी मी हँगरच्या दाराशी उभी होते. धावपट्टीच्या कडेला कांद्याच्या शेतात कामाला आलेल्या बायका क्षणभर उभ्या राहिल्या आणि पुन्हा वाकल्या. ते उचललं गेलं, वळलं, बारीक झालं. माझा हात खिशातल्या शिक्क्यावर होता. मला आईला सांगायचं होतं, सगळ्यांत आधी. राग असू दे, नसू दे.

आई पंचवटीतल्या फुलबाजारात होती. दिवाळी तोंडावर होती आणि मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. तिने फोन उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, “गेलं का इमान?”

“गेलं.”

“नीट गेलं?”

“नीट.”

“मानसं व्हती का त्यात?”

“आत्ता नव्हती, आई. उद्यापासून असतील.”

पलीकडून मला तिचा श्वास ऐकू आला, लांब, जड ओझं उतरवल्यावर घेतात तसा. तिच्या अबोल्यात माझ्यावरचा राग नव्हता, अपमान नव्हता, माझा शिक्काही नव्हता. इतके दिवस ती अनोळखी दीडशे माणसं पोटात घेऊन फिरत होती.

“आई,” मी म्हटलं, “आता घाबरू नकोस. मी हातांनी बघितलंय, एकेक भोक.”

“तू बघितलंय म्हनल्यावर झालं,” ती म्हणाली. आणि मग गिऱ्हाइकाला, मोकळ्या आवाजात, “घ्या ताई, ताजा हाय, आत्ताच तोडलाय.”