तिच्या हातचे व्हॉल्व्ह

३१ मे १९८३. एकशे बारा बायका.

त्या दिवशी रेडिओ-अॅम्प्लिफायरमध्ये बसणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा कारखाना बंद झाला आणि त्या घरी बसल्या. फाटकावरच्या सूचनेत कारण दिले होते: माल दुय्यम प्रतीचा. निरोपादाखल प्रत्येकीच्या हातावर तिच्याच विभागात तयार झालेल्या व्हॉल्व्हची एक जोडी ठेवण्यात आली. त्यांच्यातल्याच एक असलेल्या वहिनींनी आपली जोडी कापसात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि पुढे कित्येक वर्षे एकदाही वाजवून पाहिली नाही. घरच्यांना वाटे, आठवण जपली आहे. खरे कारण निराळे होते. फाटकावर लिहिलेले खरे निघाले तर, ही धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती.

त्यांचे काम काचेच्या नळीतली जाळी विणण्याचे. केसाहून बारीक तार भिंगाखाली दोन काड्यांभोवती गुंडाळायची. एक वेढा जरासा सरकला तरी अख्खा व्हॉल्व्ह वाया. असे काम करणाऱ्याची सचोटी बोटांत उतरते, कारण तपासणारा नंतर येतो आणि चूक आधी आपल्यालाच दिसते.

घरातला अॅम्प्लिफायर धाकट्या दिरांचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून भावजींना त्याने झपाटले होते. त्यात खोबणीत बसणारी, आवाज वाढवणारी ऑप-अँप नावाची नखाएवढी चिप ते अंगातला सदरा बदलावा तशी बदलत आणि दर वेळी म्हणत, "बघा, आवाजावरचं मळभ गेलं!"

"इतक्यांदा मळभ गेलं, तर एव्हाना ऊन लागायला हवं होतं," असे त्यांची बायको, म्हणजे वहिनींची जाऊ, म्हणे.

एका रविवारी भावजींनी परदेशी व्हॉल्व्हची नवी जोडी आणून बसवली आणि गाण्याची तबकडी लावली. आवाज स्वच्छ होता. ते खुशीत आले. "वहिनी, आता तुमचीही जोडी काढाच. होऊन जाऊ दे."

जाऊबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिले. पण वहिनी उठल्या आणि त्यांनी कपाट उघडले.

त्यांची जोडी तापली, तबकडीवरची गाणारी बाई पुन्हा गाऊ लागली, आणि खोली आवाजाने भरून गेली. भावजींनी मांडीवर थाप मारली. "जिंकलात! परदेशी माल पाणी भरेल हिच्यापुढे!"

वहिनींचा चेहरा क्षणभर उजळला. तिथेच थांबणे सोपे होते, आणि कोणी दोषही दिला नसता.

"नाही, भावजी. मोठं वाजतंय. मोठं वाजलं की कानाला गोडच लागतं."

"तोंडाशी आलेला घास टाकताय तुम्ही! थांबा, सोबतीला नवी चिप लावतो, मग तर..."

"चिपला हात लावायचा नाही. एका वेळी एकच बदल. तेवढं शिकलोय आम्ही."

त्यांनी स्पीकरच्या तारांना मीटर लावायला सांगितले. दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्याने वाजतील अशा दोन खुणा आवाजाच्या बटणाशी पेन्सिलीने केल्या. मग वहिनी आणि भावजी डोळ्यांवर रुमाल बांधून बसले. जाऊबाई यंत्र बंद करत, फडक्याने गरम व्हॉल्व्ह काढत, मनाला येईल ती जोडी बसवत आणि ती तापली की म्हणत, "हं, लावा अंदाज. चोरून बघायचं नाही, सांगून ठेवते!"

भावजी कधी बरोबर, कधी चूक. वहिनींचेही तेच. एकदा तर त्या ठामपणे म्हणाल्या, "ही माझी," आणि ती परदेशी निघाली.

भावजी हिरमुसले. "हरलात की हो, वहिनी. स्वतःच्या हातची जोडीसुद्धा ओळखता येऊ नये?"

वहिनींनी रुमाल सोडला आणि सावकाश घडी घातली.

"ओळखू आली नाही, भावजी. दुय्यम असती तर ओळखू आली असती."

भावजींना ते कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा ते उठले आणि परदेशी जोडी खोक्यात परत घालू लागले.

"ताई, मग आता कोणती ठेवू आत?" जाऊबाईंनी विचारले.

"माझी," वहिनी म्हणाल्या. त्या ताठ बसल्या होत्या. मोठ्या आवाजाचा विजय त्यांनी नाकारला होता, म्हणून आता हाती आलेली बरोबरी त्यांची स्वतःची होती. ती कोणी मेहेरबानीने दिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. "अगं, कान देऊन ऐक. आपला माल बरोबरीचा होता."

पलीकडून उत्तर आले, "मला कधी शंकाच नव्हती. तूच वेडी!"

ज्या हातांनी हा माल घडवला, त्यांना कारखान्याने अखेरपर्यंत अकुशल कामगारांचाच पगार दिला. कुशल कामगाराच्या पगाराशी असलेला तो फरक अजून देणे आहे.