बाबांच्या संत्र्याची पानं

माझे वडील माझ्या सासरी पाणी पीत नसत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापाला चालत नाही, ही आमच्याकडची रीत, आणि बाबा रितीला पक्के. वरूडकडून राळेगावच्या बाजूला आमच्या गावी यायचं म्हणजे बस बदलत बदलत यायचं आणि शेवटी बैलगाडी. तरी स्वतःचा पितळी तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकर सोबत असायचीच. ओसरीवर बसून आपलंच खायचे, आपलंच प्यायचे, आणि मी समोर बसून बघायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवत नव्हती. त्यांचा घोटन् घोट मला टोचायचा. तहानलेले ते, आणि अपराधी मात्र मी!

आमचा सगळा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते संत्र्याचं कलम घेऊन आले. त्यांच्याच बागेतलं, जंबेरी लिंबाच्या रोपावर त्यांनी स्वतः संत्र्याचा डोळा बांधून केलेलं. म्हणाले, "हे झाड माह्यं हाय. याचं फळ मी इथं बसून खाईन. त्याले रीत आडवी येत नाही."

"पण बाबा, पाणी तर आमच्याच विहिरीचं जाईल ना?"

"पाणी झाड पेते, माय. मी थोडीच पेतो?"

असा कायदा बापालाच सुचू शकतो. मी हसले, आणि मग चुलीपाशी जाऊन रडले. मला मूल होईल ही आशा त्यांनी सोडली आहे, हे मला कळलं होतं. पण त्यांनी निदान दुसरी वाट तरी काढली होती. फळ धरायला काही वर्षं जाणार होती आणि बाबांचं वय झालेलं. एकदा तरी ते माझ्या अंगणात काहीतरी तोंडात घालतील, एवढंच मी मनात धरून बसले.

जागा सासऱ्यांनी दाखवली. आमचं घर नवंच बांधलेलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात माती भुसभुशीत होती. "इथंच लावा, इवाई. तुमच्या झाडाले हे जागा मानवते," असं ते मोठ्या ऐटीत म्हणाले. कशी मानवते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही. व्याह्यानं दिलेल्या जागेत मुलीच्या बापानं खोट काढायची नसते.

पहिलं वर्ष बरं गेलं. त्यानंतर मात्र नवी पालवी फुटली ती बारीक आणि पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सगळं पान फिकं. झालं, गावभरचे वैद्य अंगणात गोळा झाले. एक म्हणे पाणी जास्त झालं, दुसरी म्हणे झाड तहानलं आहे. कुणी शेणखत घालायला लावलं, कुणी राख. शेजारणीनं दृष्ट लागली म्हणून फांदीला काळा दोरा बांधला. मी सगळ्यांचं ऐकलं. वांझ बाईला असंही सगळ्यांचं ऐकायची सवय असते.

बाबा आले तेव्हा त्यांनी एक पान बुडाजवळचं तोडलं, एक शेंड्याचं, आणि दोन्ही उन्हात धरून पाहिली. पानं उलटी केली, पान पोखरणाऱ्या नागअळीची रेघ आहे का ते शोधलं.

"जुनं पान हिरवं हाय, नवंच पिवळं होऊन राह्यलं," ते म्हणाले. "म्हंजे खताची कमी नाही. मुळापाशी काहीतरी अडून राह्यलं."

त्यांनी वाण्याकडून हिराकस, लोखंडाचा तो हिरवट खार, आणायला लावला, पाण्यात विरघळवून पानांवर शिंपडला. थोड्या दिवसांनी पानांवर हिरवे ठिपके उमटले. मी वेडी, रोज सकाळी तोंड धुण्याआधी ते ठिपके बघायला जायची. पुढची पालवी आधीपेक्षाही पिवळी आली आणि कोवळ्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या.

मग बाबा आले ते भर उन्हाळ्यात. बस वाटेत बंद पडली होती, तांब्या रिकामा झाला होता. ओठांना भेगा पडलेल्या. ओसरीवर टेकायच्या आधी त्यांनी कुदळ मागितली आणि झाडाच्या बाजूनं उकरायला घेतलं. वरची काळी माती संपली आणि खाली पांढरंफेक लागलं. त्यांनी चिमटीत घेऊन पाहिलं. चुना होता. लोण्यासारखा ओला, आणि त्यात मुळ्यांची काळी थोटकं.

सासरे कौतुकानं पुढे आले. "चुनाच तो! घर बांधताना याच खड्ड्यात विरवला होता. लग्नात तुमची बाग पाह्यली होती ना मी, झाडाझाडाले चुना फासलेला. म्हटलं, संत्र्याले चुना लय मानवते. म्हनून तर तुमाले हे जागा देली!"

बुंध्याला फासतात तो औषधाचा लेप. तोच चुना मुळाशी साचला तर झाड जगत नाही. हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही, पण बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"जागा चांगलीच देली तुमी, इवाई," ते म्हणाले.

मला दोघांचाही संताप आला. एकाच्या भोळेपणाचा आणि एकाच्या मानपानाचा. सासरे आत गेल्यावर मी म्हटलं, "काढून दुसरीकडं लावू या."

"मुळ्याच नाही राह्यल्या, माय. काय उचलू?"

"मग दुसरं कलम आणा."

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. "आता डोळा बांधनं होत नाही माह्याच्यानं."

मी घरात गेले. माठातलं पाणी आमच्या तांब्यात घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतला. पाण्याकडे बघत सुकल्या ओठांवरून त्यांनी जीभ फिरवली.

मग ते खाली वाकले आणि ते सगळं पाणी झाडाच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं. रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि परतीची बस किती वाजता आहे, ते विचारलं.