सरकवलेली घागर

आमच्या घरात महिन्यातला एक शनिवार माफीसाठी राखून ठेवलेला असे. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. ज्याचं कुणाशी वाकडं आलं असेल त्यानं आधी ते मिटवावं, मगच भाकरीला हात लावावा, असा आमच्या मंडळीचा दंडक होता. त्यामुळे त्या शनिवारी लातुरातली आमची चारदोन ख्रिस्ती घरं एकमेकांच्या दारात उभी असायची.

वडील मामांकडे जात. दोघांचं कॅरमवरून महिन्यातून एकदा तरी बिनसलेलं असेच. माफी मागून झाली की चहा होई, चहानंतर कॅरम मांडला जाई, आणि पुढच्या महिन्याच्या माफीची सोय होऊन जाई. आईचं तंत्र निराळं होतं. ती माफी मागायला जातच नसे, ती माफ करायला जाई. समोरच्या बाईला सांगे, "मी तुम्हाला मनापासून माफ केलं हो." ती बाई विचारी, "कशाबद्दल?" मग आई ते सविस्तर सांगे आणि नवं भांडण सुरू होई. मला हसू यायचं. आपली पाळी यायची असते तोवर सगळ्यांनाच हसू येतं.

जिल्हा नुकताच नवा झाला होता. गावात रोज एखादी कचेरी उघडत होती, बदलून आलेली कुटुंबं खोल्या शोधत हिंडत होती, आणि पाऊस मात्र दोन वर्षांपासून बदलीवर गेलेला होता. आमच्या गल्लीच्या नळाला तीन दिवसांआड दुपारी तीनला पाणी यायचं. बायका सकाळीच घागरी रांगेत ठेवून कामाला जात. माणूस हलला तरी चाले, घागर हलता कामा नये. जिची घागर जिथं, तिची पाळी तिथं. एवढा एकच कायदा गल्लीत सगळे पाळत.

तो मी मोडला.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी नव्या कचेरीत टायपिस्टच्या जागेसाठी माझी मुलाखत होती आणि माझे केस आठ दिवस धुतलेले नव्हते. रांगेत माझी घागर आठवी होती. सातवी शेजारच्या मावशींची, त्या मुरुडच्या, घरोघरी दूध घालायच्या. सहावी वहिनींची. वहिनी उमरीकडच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे आलेल्या, आणि आल्या आठवड्यात मावशींच्या जिवलग झालेल्या. अलीकडे सात घागरी भरल्या की नळ खाकरायचा आणि बंद पडायचा. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी वहिनींची पितळी घागर उचलली आणि माझ्या मागं नेऊन ठेवली. एवढंच. पाच पावलांचं पाप.

नळ सात घागरींनंतर गेला. वहिनी आल्या, घागर शेवटी पाहिली आणि थेट मावशींवर उसळल्या.

"मावशी, तुमची घागर माझ्या मागं व्हती. म्होरं कशी आली?"

"मला काय म्हाईत? मी तर नळ आल्यावरच आले."

"घागरीला पाय फुटले काय मग?"

माझ्यावर कुणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं. मी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, वर्गाला जाणारी, खाली मान घालून चालणारी मुलगी. भरलेली घागर कमरेवर घेऊन मी तिथंच उभी होते. मग घरी जाऊन शिकेकाईनं केस धुतले.

वहिनी आणि मावशींचं बोलणं बंद झालं. दोघींच्या शेवया एका बाजेवर वाळायच्या, त्यांच्या दोन बाजा झाल्या. इकडे पाळकसाहेब आम्हाला शिकवत होते की पापाची मजुरी मरण आहे. मला तर पापानंतर पंधराव्या दिवशी नोकरीची ऑर्डर आली. आईनं गल्लीत पेढे वाटले. वहिनींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "केस लई छान हायेत गं तुझे." हातातला पेढा मी तसाच पुड्यात परत ठेवला.

त्याच महिन्यात माझं दृढीकरण ठरलं होतं. म्हणजे मंडळीपुढे उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडानं कबूल करायचा आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं. पांढरी साडी आणलेली होती. नांदेडची आत्या अर्धापूरच्या केळ्यांचा अख्खा घड घेऊन एस.टी.नं येणार होती. आणि मला कळून चुकलं होतं की मी ती भाकरी तोंडात घालू शकत नाही.

शुक्रवारी मी पाळकसाहेबांकडे गेले. ते अंगणात सायकलचं पंक्चर शोधत बसले होते. ट्यूब बुडवायला पाणी नव्हतं, म्हणून ती गालाशी धरून हवा कुठून लागते ते पाहत होते. मी सगळं सांगितलं. मग मीच घाईघाईनं म्हणाले, "पण मी रोज प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागते. रडून मागते."

त्यांनी ट्यूब दुसऱ्या गालाला लावली. "बरं करतेस. देव क्षमा करतोच. पण पोरी, घागर देवाची होती का?"

मला रागच आला. इतकी वर्षं क्षमा, क्षमा म्हणून शिकवायचं आणि ऐन वेळी असं दाराबाहेर काढायचं! मी म्हणाले, "आणि त्यांनी नाही केलं माफ तर?"

"तर नाही करणार. तो त्यांचा हक्क आहे. मागणं तेवढं तुझं काम." मग त्यांना पंक्चर सापडलं आणि माझ्यापेक्षा त्याचाच त्यांना जास्त आनंद झाला.

शनिवारी वडील मामांकडे गेले, आई कुणाला तरी माफ करायला गेली, आणि मी वहिनींच्या दारात उभी राहिले. पाठ करून नेलेलं सगळं विसरले. "वहिनी, त्या दिवशी घागर मी सरकवली होती," एवढंच तोंडातून निघालं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू? ते बायबल काखेत घेऊन जाणारी पोरगी, तू? कशापायी?"

"केस धुवायचे होते."

"केस!" त्या ओरडल्या. "तुझ्या केसापायी म्या महिनाभर मावशीचं तोंड न्हाई बघितलं! ताप आला तवा बी हाक न्हाई मारली!" आणि माझं मनगट धरून त्यांनी मला ओढत मावशींच्या दारात नेलं. "ऐका, ही काय म्हणून राहिली ते!"

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याइतकंच कठीण होतं. मावशी दुधाची किटली घासत होत्या, राखेनं. माझ्याकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. वहिनींना म्हणाल्या, "हिनं केलं, ही सांगाया तरी आली. तू मला एक डाव तरी नीट इचारलंस का?"

वहिनींचं तोंड उतरलं. आता माफी मागायची पाळी त्यांची होती. ती त्यांना काही जमेना. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. चहा टाकते."

"पाणी हाय का?"

"न्हाई."

तिघींनाही एकदम हसू फुटलं. मी पळत जाऊन घरातून तांब्याभर पाणी आणलं. चहा पिऊन झाल्यावर मी हळूच म्हणाले, "वहिनी, माफ केलं म्हणा ना. उद्या माझं दृढीकरण आहे."

"म्हणायचं काय त्यात? जा आता, मला कामं हायेत."

रविवारी सकाळी, पांढऱ्या साडीत, मी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की मी मागितली, पण त्या केलं म्हणाल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, "मग काय केलं?" मी म्हणाले, "चहा दिला." ते म्हणाले, "चला, उशीर होतोय." मी भाकरीचा तुकडा घेतला, पण मन शंकेखोर ते शंकेखोरच.

मंगळवारी पाणी यायचं होतं. दुपारी मी नळावर गेले. मावशींची घागर सहावी होती, वहिनींची सातवी, माझी आठवी. तीन वाजता आम्ही सगळ्या जमलो तेव्हा वहिनींनी सगळ्यांदेखत आपली पितळी घागर उचलली आणि माझ्या मागं नेऊन ठेवली. मावशी, मी, वहिनी. हाच क्रम मी त्या दिवशी चोरून लावला होता.

"वहिनी, हे काय करताय?"

"उद्या हापिसाचा पहिला दिस हाय न्हवं तुझा? डोकं धू."

माझी घागर भरली आणि नळ खाकरला, बंद पडला. मी माझी घागर वहिनींच्या घागरीत ओतायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "धू म्हणलं की धू." मावशींनी काही न बोलता आपली घागर तिरकी केली आणि निम्मं पाणी वहिनींना दिलं.

मी घरी आले आणि त्या पाण्यानं केस धुतले. माफी मागताना मी रडले नव्हते, ती घेताना रडले. आई बाहेरून ओरडत होती की या दुष्काळात केसांवर अख्खी घागर ओतते म्हणजे पाप आहे, पाप. मी आतून ओरडले, "माहीत आहे गं!"